सख्ख्या बहिणीचे पंधरा गुण

४ फेब्रुवारी

बारके,

तुझा मेल काल दुपारी एक्स-रेच्या खोलीबाहेर उभ्याउभ्या वाचला. आत गेले, पुढच्या पेशंटला "श्वास रोखा" म्हणाले आणि "सोडा" म्हणायचंच विसरले. बिचारा लालबुंद होईपर्यंत मशीनला छाती टेकून उभा. एवढा आनंद झाला मला.

तर कौशल्य तपासणाऱ्या त्या संस्थेने तुझा अनुभव मान्य केला. मला धाकधूक होती. दातांच्या लॅबमधली तुझी पहिली दोन वर्षं नुसते साचे ओतण्यात गेली, ती ते 'मदतनीस' म्हणून काढून टाकणार हे दिसतच होतं. टाकलीच त्यांनी, पण उरलेली पुरली. लोकांच्या कवळ्या आणि कॅपा घडवणारी आमची बारकी आता कागदोपत्री कुशल कारागीर झाली. बाबांना सांगितलंस का? नसशील. फोनवर हे बोलायला नको हे तुझं म्हणणं मला पटलं. तू स्पीकर लावून फोन त्यांच्या उशाशी ठेवतेस. अर्धांगाने त्यांची जीभ जड झाली असली तरी कान अजून तिखट आहेत. आपण मेलवरच बोलू.

इथल्या कायम वास्तव्याच्या अर्जासाठीचं तुझं गुणांचं गणित मी तपासलं. वयाचे, शिक्षणाचे, भाषेच्या परीक्षेचे, अनुभवाचे, सगळे बरोबर धरलेत. आणि शेवटी, सख्खं भावंड या देशात कायमचं राहत असेल तर पंधरा. मी तुझे पंधरा गुण आहे हे वाचून हसूच आलं. आई म्हणायची, तुम्हा दोघींत मिळून एक गुण नाही. असती तर दाखवलं असतं तिला.

तुला माझ्याकडून हवंय काय, तर कायम वास्तव्याच्या कार्डाची प्रत, इथे राहत असल्याचा पुरावा, आणि आईबाबांची नावं असलेला माझा जन्मदाखला. एवढंच ना? आठवड्याभरात पाठवते.

एक विचारते, राग मानू नकोस. आत्याचं नक्की आहे ना? ती तुझ्या जागी येऊन राहीन म्हणतेय खरी, पण तिला मुलाच्या घराबाहेर आठ दिवस काढवत नाहीत हे आपण लहानपणापासून बघतोय. बाबांना उचलायचं, कूस बदलायची, भरवायचं. झेपेल तिला? घाई करू नकोस असं नाही म्हणत मी. तुझा वाढदिवस एप्रिलमध्ये आहे आणि त्या दिवशी वयाचे गुण उतरतात, हे मला का माहीत नाही? मीच तर तुला ते शिकवलंय.

तुझी ताई

२ मार्च

बारके,

उशीर झाला, माहीत आहे. आधी कारणं ऐक, मग चिड.

घरमालक परगावी गेलाय. भाडेकराराची प्रत त्याच्या सहीशिवाय चालत नाही, असं मला कुणीतरी सांगितलं. शिवाय जन्मदाखल्यावर आईचं नाव एका तऱ्हेने लिहिलंय आणि तुझ्या दाखल्यावर दुसऱ्या तऱ्हेने. एका अक्षराचा फरक. आपण सख्ख्या बहिणी आहोत हे आता एका अक्षरावर लटकलंय. त्यासाठी प्रतिज्ञापत्र करावं लागेल बहुतेक. चौकशी करते.

इथलं काय सांगू. खोली तीच, खाली कपडे धुण्याचं दुकान, दिवसभर मशीनची घरघर. हिवाळा संपता संपत नाही. सकाळी अंधारात निघते, अंधारात परत येते. मधला वेळ बिनखिडकीच्या खोलीत, शिशाचा जड एप्रन अंगावर. तुला वाटतं तसं इथे काही सोनं लागलेलं नाही गं. पहिली दोन वर्षं मी गोदामात खोकी चिकटवत होते, विसरलीस? माझं प्रमाणपत्र असून. त्यांनी मोजलेले गुण विमानतळापर्यंतच. पुढे कुणी विचारत नाही तुम्हाला किती होते.

त्या परीक्षेची आठवण झाली परवा. आपण दोघी स्वयंपाकघरात बसायचो, तू घड्याळ लावायचीस आणि मी ओट्याशी बोलायचे. 'तुमच्या शहरातल्या एखाद्या सार्वजनिक जागेचं वर्णन करा.' मी पोस्टाच्या रांगेचं वर्णन करायचे आणि तू हसून लोळायचीस. माझ्याबरोबर म्हणून तूही बसलीस परीक्षेला, आणि गुण माझ्यापेक्षा तुलाच जास्त. तेव्हा दोघींचंही जमत होतं. मग बाबा पडले. एकीनेच जायचं ठरलं तेव्हा तू हिशोब केलास की ताईचं वय सरतंय, तिचे गुण दरवर्षी कमी होणार, तिने आधी जावं. माझ्या हातात अजून सात-आठ वर्षं आहेत, असं म्हणाली होतीस. बाबांची चादर बदलता बदलता म्हणालीस, माझ्याकडे बघितलंही नाहीस.

हे मी विसरलेले नाही, एवढंच सांगायचं होतं.

कागद लवकरच.

ताई

२६ मार्च

बारके,

तुझा मेल तीन ओळींचा होता. त्याहून दोन पानी शिव्या परवडल्या असत्या.

'ताई, तुला द्यायचे नसतील तर तसं सांग.' असं लिहितात का कुणी मोठ्या बहिणीला? मी इथे बसून काय करते असं वाटतं तुला? कामाच्या पाळ्या, त्यात आमची मुख्य टेक्निशियन रजेवर, सगळं माझ्या अंगावर. मी काही मुद्दाम करत नाही.

कागद मी सोमवारी कुरियरने पाठवलेत. प्रतिज्ञापत्रासकट. मेलवर पाठवले असते, पण खरा शिक्का असलेला बरा. चार-सहा दिवसांत पोचतील.

बाबांना ताप होता म्हणालीस. आता कसा आहे? छातीत घरघर असेल तर एक्स-रे काढून घे आणि मला पाठव, मी बघते. डॉक्टर नसले तरी एवढं कळतं मला.

ताई

१० एप्रिल

बारके,

काल तुझा वाढदिवस झाला. मी तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस. मग बाबांच्या जुन्या फोनवर केला तेव्हा राहायला आलेल्या आत्याने उचलला. ती म्हणाली, "बारकी लॅबमधून आली आणि झोपली. जेवली नाही. तुमचं काय बिनसलंय?" मी म्हटलं, काही नाही.

आत्याकडूनच कळलं. दोन तारखेच्या निवडीत तू थोडक्यात हुकलीस. तिला त्यातलं काही कळत नाही, ती म्हणाली, "परीक्षेत नापास झाली म्हणे." पण मी लगेच त्यांच्या पानावर जाऊन त्या दिवशीचा कट-ऑफ बघितला. माझे पंधरा जोडले असते तर तू वर होतीस. आरामात वर होतीस. पुरावा जोडल्याशिवाय ते धरत नाहीत, आणि पुरावा नव्हता. आणि कालपासून वयाचे उतरले. आता माझे जोडूनही तू रेषेच्या जरा खालीच.

कुरियरवाल्यांकडे मी चौकशी केली. ते म्हणतात पाकीट कुठेतरी

१९ एप्रिल

बारके,

दहा तारखेचं पत्र अर्धवट सोडलं होतं. ते न पाठवता ठेवलं होतं. आता त्याच्यासकट हे पाठवते. त्यातलं शेवटचं वाक्य पुरं करायला बसले आणि हात चालेना.

कुरियर नव्हतं. पाकीटच नव्हतं. घरमालक परगावी गेला नव्हता, तो खालच्याच दुकानात बसतो, रोज दिसतो. आईच्या नावातला फरक खरा आहे, पण प्रतिज्ञापत्र फेब्रुवारीतच करून आणलं होतं, जेवणाच्या सुट्टीत झालं. तुझा मेल आल्यापासून पाचव्या दिवशी सगळे कागद एका पिशवीत घालून कपाटाच्या खणात ठेवले. तिथेच होते. 'पाठवा'चं बटण दाबायचं तेवढं राहिलं होतं. मी रोज म्हणायचे, उद्या.

का, ते सांगते. सांगताना चांगलं दिसायचा प्रयत्न करणार नाही.

तू आलीस की बाबांजवळ आत्या उरणार. आत्या टिकणार नाही. ती गेली की फोन येणार, आणि तो मोठ्या मुलीला येणार. तू नवी नवी असशील, तुला लगेच परत कोण बोलावेल? मला जावं लागेल. तू तिथे आहेस तोवर माझं इथलं आयुष्य पक्कं आहे, असं मी धरून चालले होते. हे मी स्वतःशी कधी स्पष्ट म्हटलं नव्हतं. नुसतं तुझा मेल उघडला की मी दुसरं काम काढायचे.

मंगळवारी काय झालं ते ऐक. आमची मुख्य टेक्निशियन रजेवरून आली. तिचा नवरा दातांच्या लॅबमध्ये आहे हे तुला मागे सांगितलंय. चहा पिताना ती म्हणाली, "यांच्याकडे एक हात कमी पडतोय. तुझी बहीण येणार होती ना? कवळ्या करते म्हणालीस."

मी म्हटलं, "तिचा विचार बदलला. तिला बाबांना सोडवत नाही."

"गुणी आहे हो," ती म्हणाली.

आणि मी मान हलवली, बारके. कप धुतला, फडक्याला हात पुसले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. इतकं सहज निघालं ते तोंडातून. तुला आणि आत्याला थापा मारताना निदान मी अडखळायचे. इथे काहीच झालं नाही. संध्याकाळी घरी आले, जिना चढताना अर्ध्यावर बसून राहिले. ज्या पोरीने मला पाठवण्यासाठी स्वतःचा नंबर सोडला, तिला मी कौतुक करून करून तिथेच डांबून ठेवत होते.

सगळे कागद जोडलेत. मुख्य टेक्निशियनला मी काल खरं सांगितलं. ती नवऱ्याच्या लॅबचा पत्ता आणि मालकाचं नोकरीचं पत्र मिळतंय का ते विचारते म्हणाली, पण माझ्याकडे न बघता.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी द्यावं लागेल, आणि तू पुरेसं दिलंयस.

ताई

३० मे

बारके,

तुझं उत्तर नाही. मी समजू शकते, असं लिहिणार होते, पण ते लिहायचा मला काय अधिकार.

काल तू फोन उचललास, ते बाबांच्या डॉक्टरांचा आहे समजून. तू बोललीस त्यातला शब्द न् शब्द लक्षात आहे. "ताई, त्यांना अंघोळ घालायची आहे. पाणी निवतंय. ठेवते." आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तू माझ्याशी दूधवाल्याशी बोलावं तशी बोललीस.

आत्या निघाली हे तिच्याकडूनच कळलं. सुनेला दिवस गेलेत, मुलाने बोलावून घेतलं. "आता बारकी काय कुठे जात नाही, मग मी कशाला अडकून बसू," असं म्हणाली. तिचं चुकलं नाही. मार्चमध्ये ती तयार होती, तेव्हा तिला थांबवून ठेवणारं काहीतरी होतं. तेही मीच घालवलं.

म्हणून मी तुला तो मेल केला, की मी नोकरी सोडते आणि परत येते. पुढच्या महिन्यात येते, बाबांना मी बघते, तू नीघ. लिहिताना मला फार मोठं काहीतरी करतेय असं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. त्यावर तुझी एक ओळ आली. 'तू इथे आलीस तर तुझे पंधरा गुण कुठून आणू?'

मी ती ओळ वाचत राहिले. खरंच की. बहीण इथे राहत असेल तर गुण. राहत असेल, आणि तू उतरशील त्या दिवसापर्यंत राहत असेल. मी बाबांकडे आले तर तू येऊ शकत नाहीस. मी इथे थांबले तर बाबांकडे कोणी नाही. मला वाटलं होतं की झक मारून का होईना, पण परतफेड करायची वाट मोकळी आहे. तीही सरकारी खिडकीतून जाते.

परवा सुट्टी घेऊन इथल्या एका वकीलबाईकडे गेले. या कामाच्याच वकील आहेत, टेबलावर फायलींचे नुसते डोंगर. मी त्यांना तुझे आकडे दिले. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "भाषेच्या परीक्षेत लेखनाचे एवढे कमी का? बाकी तिन्ही भागांत तर ही मुलगी वरच्या पायरीवर आहे."

मी म्हटलं, "जुन्या गुणांची मुदत संपली म्हणून गेल्या वर्षी ती पुन्हा बसली, त्या दिवशी वडिलांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. ती उशिरा पोचली."

"मग परत बसवा तिला. चारही भाग वरच्या पायरीवर गेले की वयाचे गेलेले भरून निघतात. थोडे उरतातही."

म्हणजे दार बंद नाही. तू फाइल बंद केलीस असं आत्या म्हणाली, पण ती पुन्हा उघडता येते, मी विचारून घेतलंय. तू परीक्षेला बस. मी इथून हलत नाही. तुझी परवानगी येईपर्यंत, तू उतरेपर्यंत. तू उतरलीस की दुसऱ्या विमानाने मी तिकडे. मधल्या दिवसांसाठी मी आत्याच्या पाया पडेन. सुनेचं बाळंतपण असो की काही असो, आठ दिवस ती देईल. तेवढे तिला जमतात.

आणि अभ्यासाच्या दोन महिन्यांसाठी सकाळ-संध्याकाळ एक परिचारिका ठेव. तिचं मी इथून बघते, त्यावर वाद नको.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. फक्त परीक्षेची तारीख कळव.

ताई

१४ ऑगस्ट

बारके,

तारीख कळवलीस. नुसती तारीख, वर 'ताई'ही नाही. तरी मी ती ओळ मुख्य टेक्निशियनला दाखवली. ती म्हणाली, "आकडा तर आकडा. आला ना?"

तू पाठवलेले तिन्ही निबंध तपासले. खरं सांगायचं तर तपासण्यासारखं माझ्याकडे फार काही नाही, तुझी भाषा माझ्यापेक्षा चांगली आहे. पण तू शेवटाला फार घाई करतेस. शेवटच्या परिच्छेदात वाचणाऱ्याला वाटतं की हिला आता उठून कुणालातरी पाणी द्यायचंय. तसंच असेल, मला माहीत आहे. परीक्षेच्या दिवशी मात्र शेवटपर्यंत बसून राहा. कुणी पडलं, कुणी हाक मारली, तरी बसून राहा. त्या दिवशी परिचारिका दिवसभर थांबणार आहे, मी तिच्याशी स्वतः बोलले.

'वृद्धांची जबाबदारी कुटुंबाची की शासनाची' या विषयावरचा तुझा निबंध मी दोनदा वाचला. त्यात तू दोन्ही बाजू मांडल्यास, अगदी शहाण्यासारख्या. त्यात बहिणीचा उल्लेख कुठे नाही. परीक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे.

ताई

२१ नोव्हेंबर

बारके,

अर्ज करायचं निमंत्रण आलं. तू मला कळवायच्या आधी मीच त्यांच्या पानावर कट-ऑफ बघितला होता आणि खुर्चीत बसल्याबसल्या हिशोब केला होता, तरी तुझ्या मेलची वाट बघितली. तुझी बातमी तुझ्याकडूनच ऐकायची होती.

आता वैद्यकीय तपासणी. त्यात छातीचा एक्स-रे असतो, निदान एवढ्यात तरी माझा उपयोग होऊ दे. गळ्यातलं काढून ठेव, केसांच्या पिना काढ, जाड बटणाचा कपडा घालू नकोस. खांदे पुढे कर, अगदी मशीनला मिठी मारल्यासारखे. श्वास पूर्ण घे, अर्धा घेतला तर फोटो धूसर येतो आणि ते परत बोलावतात. सात वर्षं माणूस उचलून तुझे खांदे आवळले असतील, तेवढे सैल सोड.

बाबांना सांगितलंस हे वाचलं. त्यांनी डाव्या हाताने तुझी वेणी धरून ठेवली, एवढंच तू लिहिलंयस. पुढे तू काही लिहिलं नाहीस, मीही विचारत नाही.

मी तिकडे येणार आहे, हे त्यांना सांगितलंस का? त्यावर ते काय म्हणाले?

ताई

६ मार्च

बारके,

तुझ्या खोलीतून लिहितेय. म्हणजे आपल्या, म्हणजे आता माझ्या. काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही.

मी तिकडून निघाले तेव्हा तू मला मिठी मारशील असं मी धरलं नव्हतं, आणि तू मारली नाहीस. पण विमानतळाची बस येईपर्यंत माझी बॅग तू धरून उभी राहिलीस. दोन्ही हातांनी, पोटाशी. मी म्हटलं, खाली ठेव, जड आहे. तू म्हणालीस, "सवय आहे." तू उतरल्यापासूनच्या त्या दीड दिवसात तू माझ्याशी बोललीस ते सगळं बाबांबद्दल. गोळ्या कुठल्या डब्यात, कुठल्या कुशीवर झोपत नाहीत, भात किती मऊ लागतो, चिडले की मान भिंतीकडे करतात. मी लिहून घेत होते, तर म्हणालीस, "लिहून काही होत नाही."

खरंच होत नाही.

तुझा काल आलेला मेल वाचला. लॅबमध्ये तुला पहिल्याच आठवड्यात पुढच्या दातांचं काम दिलं, हे मुख्य टेक्निशियनने मला आधीच कळवलं होतं. तिचा नवरा म्हणतो की रंग जुळवायला आता ते तुझ्याकडे पाठवतात. आणि तू लिहिलंयस, 'खालच्या मशीनमुळे खोलीतली जमीन गरम असते, हे तू कधी सांगितलं नव्हतंस.' नव्हतं सांगितलं. तिथे उन्हाळ्यात नऊपर्यंत उजेड असतो हेही नाही. नदीकाठी बाक आहेत, तिथे रविवारी मी दोन-दोन तास काही न करता बसायचे, हेही नाही. घरघर आणि अंधार तेवढा लिहायचे. तुला यावंसं वाटू नये म्हणून. आता एकेक सापडेल तुला. जून येऊ दे.

इकडचं सांगते. आठ दिवस झाल्यावर आत्या गेली, ठरल्याप्रमाणे. बाबा मला ओळखतात, पण मी पाहुणी आहे असं धरून चालतात. मी चमचा पुढे केला की आधी दाराकडे बघतात. दुपारी तुझी यायची वेळ झाली की कान टवकारतात. मी समजावते, बारकी गेली, नोकरी लागली, चांगलं आहे तिचं. ते मान हलवतात, आणि पुन्हा दाराकडे.

परवा दुपारी काय झालं, ते कुणालातरी सांगायला हवं आणि तुझ्याशिवाय कुणी नाही.

मी भात भरवत होते. त्यांनी तोंड मिटून घेतलं. मी थांबले, पुन्हा चमचा नेला, त्यांनी मान भिंतीकडे केली. भात निवला, मी गरम करून आणला. पुन्हा तेच. पाठ भरून आली होती, सकाळपासून तीन चादरी धुतल्या होत्या, आणि माझ्या मनात सारखं येत होतं की या वेळी तिकडे माझी पाळी संपली असती, मी बाकावर बसले असते. दोन वर्षं बाहेर राहिले की माझा तिथला हक्क जाईल. जाऊ दे, असं काही मी उदारपणे म्हणत नाही, मला फार लागतं ते. तर हे सगळं डोक्यात असताना त्यांनी डाव्या हाताने चमचा झटकला. भात माझ्या अंगावर.

मी वाटी टेबलावर आपटली आणि ओरडले. चांगली मोठ्याने. "किती वेळ लावायचा? मला दुसरं काही काम नाही का?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग तोंड उघडलं. बारके, त्यांनी सगळा भात खाल्ला. एकेक घास, लहान मुलासारखं लगेच तोंड उघडून, माझ्या हाताकडे बघत. संपल्यावर स्वतःच्या डाव्या हाताने स्वतःचं तोंड पुसलं, मला पुसावं लागू नये म्हणून. ते मला घाबरले होते.

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. आले तेव्हा ते डोळे मिटून पडले होते, झोपले नव्हते. मी त्यांचा हात धरला, त्यांनी धरू दिला. संध्याकाळी फोनवर तुझा आवाज ऐकून ते हसले, आणि मला वाटलं आता तुला सांगतील. त्यांना सांगता येत नाही, तरी वाटलं. फोन ठेवल्यावर त्यांनी फक्त माझ्याकडे बघून मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, मला कळलं नाही. तुला कळलं असतं.

मला यायला महिनासुद्धा झालेला नाही. तू सात वर्षं केलंस आणि मी फोनवर विचारायचे, बाबा कसे आहेत. तू कशी आहेस ते मी कधी विचारलं? जुने मेल काढून बघितले परवा. दोनदा विचारलंय, दोन्ही वेळा शेवटच्या ओळीत.

म्हणून आता विचारते. याचं उत्तर दे, बाकी कशाचं दिलं नाहीस तरी चालेल. तू कधी ओरडली होतीस का त्यांच्यावर? एकदा तरी? ओरडली असशील तर लिही. कधी, कशावरून, मग काय केलंस. माझ्यासाठी खोटं लिहू नकोस. पण ओरडली असशील, तर लिही.

ताई